कागदाचा उजवा हात

पडदा वर जातो. समोर चपलांच्या खोक्याच्या आकाराची एक लांबट खोली. डाव्या अंगाला झेरॉक्सचं धूड, वर सुकलेल्या मनीप्लँटची कुंडी. डाव्या म्हणजे नटाच्या डाव्या, तुमच्या उजव्या. हे नीट लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं नाटक कोसळणार आहे. मध्ये काउंटर, त्यावर काच, काचेखाली नमुन्याची प्रमाणपत्रं. मागे अकरा कप्प्यांचं लोखंडी कपाट. कपाटाला लागून संगणक, आणि संगणकापुढे एकाहत्तर वर्षांचा एक माणूस. खुर्चीच्या टोकावर बसलेला, मान तिरकी, जणू स्क्रीनवर चाललेलं आपण कुणाला दिसू नये अशा जागेवरून तो बघतो आहे.

हे कुजबुजकाका.

काका एका नाटक मंडळीत एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होते. नट वाक्य विसरला की विंगेच्या अंधारातून ते त्याच्या कानात पोचवायचं, प्रेक्षकांच्या कानावर मात्र पडू द्यायचं नाही, असा तो धंदा. एकतीस वर्षं हे केल्यावर गळ्यातून मोठा आवाज निघायचाच बंद झाला. काका रस्त्यात रिक्षाला हाक मारायचे तेव्हा फक्त शेजारून चालणारा माणूस थांबायचा. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, “हा माणूस भांडतो तेव्हाही कुजबुजतो. शेजारणीला वाटतं आमचं या वयात काय उतू चाललंय!”

मंडळी बंद पडली. पडदे गाद्यांच्या दुकानात गेले, मुकुट कुणाच्या तरी माळ्यावर गेले आणि काका मुलीच्या डीटीपीच्या दुकानात आले. बासष्टाव्या वर्षी ते टायपिंग शिकले. कळफलकावर बोटं इतकी हलकी पडायची की निम्मी अक्षरं उमटायचीच नाहीत. मुलगी ओरडायची, “बाबा, दाबा! ती बटणं आहेत, झोपलेलं बाळ नाही!”

कपाटात होते छापील नक्षीचे कागद. कुठल्या तरी दूरच्या छापखान्यात कडेची नक्षी आधीच छापलेली, मध्ये पांढरी रिकामी जागा. त्या जागेत नेमका बसेल असा मजकुराचा साचा संगणकात तयार ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की साच्यातलं नाव बदलायचं, कागद ट्रेमध्ये सरकवायचा, आणि अभिनंदन म्हणा, श्रद्धांजली म्हणा, दीड मिनिटात कोमट कोमट बाहेर. मुलगी त्याला टेम्प्लेट म्हणायची. काका म्हणायचे, “सेट उभाच आहे, पात्रं बदला.”

कागदांना त्यांनी मंडळीच्या रंगवलेल्या पडद्यांची नावं दिली होती. सोनेरी कमानींचा तो ‘दरबार’, वेलीफुलांचा तो ‘बाग’, करड्या रेघांचा ‘रस्ता’ आणि निळ्या ढगांचा ‘स्वर्ग’. स्वर्ग फक्त श्रद्धांजलीला. एकदा चुकून एका जिवंत माणसाचं निवृत्तीचं पत्र स्वर्गावर गेलं. तो गृहस्थ पुढे महिनाभर दुकानासमोरून जाताना काकांकडे रोखून बघायचा आणि मुद्दाम जोरजोरात पावलं आपटायचा.

मजकूर काकांकडे तयारच असे. लोक यायचे, म्हणायचे, “मानपत्र पाहिजे. मजकूर तुम्हीच टाका काहीतरी चांगला.” काका साचा उघडायचे: ‘आपण गाळलेली-जागा क्षेत्रात केलेली निष्ठावान सेवा ही येणाऱ्या पिढ्यांना दीपस्तंभासारखी आहे.’ दातांचे डॉक्टर, पोहण्याचे मास्तर, पंप दुरुस्त करणारा, सगळे याच एका दीपस्तंभाखाली उजळून निघाले होते. एकदा कुत्र्यांच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या कुत्र्यालाही निष्ठावान सेवेचं मानपत्र मिळालं. मुलीच्या मते, मजकूर खरा ठरल्याची ती एकमेव वेळ.

बापलेकीचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. उजवं आणि डावं.

“बाबा, नाव उजवीकडे घ्या म्हटलं तर डावीकडे काय नेताय?”

“हे कागदाचं उजवं आहे.”

“कागदाला उजवं असतं का?”

“कागद तुझ्याकडे तोंड करून उभा आहे,” काका शांतपणे कुजबुजायचे. “त्याचा उजवा हात तुझ्या डावीकडे येणार. रंगमंचावर उजवं नटाचं असतं, खुर्चीत शेंगदाणे खात बसलेल्या माणसाचं नसतं.”

मुलगी कपाळावर हात मारायची. कुठला हात, ते विचारू नका. शेवटी काका बोलायचे आणि ती मनातल्या मनात उलटं करून घ्यायची, असं नऊ वर्षं सुरळीत चाललं होतं.

तर अशा या दुकानात एका सकाळी बाई आल्या.

बाई म्हणजे मंडळीच्या नायिका. शहात्तर वर्षांच्या, पण दारातून आत यायच्या ते अजूनही टाळ्यांसाठी क्षणभर थांबून. झेरॉक्सच्या रांगेतला एक जण खरोखरच बाजूला झाला आणि त्यानं मान लववली. का, ते त्यालाही कळलं नसावं.

“कुजबुज्या,” बाई काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, “मेल्या, तू अजून आहेस होय!”

“आहे, बाई.”

“काय म्हणालास?”

“आहे म्हटलं.”

“ऐकू येत नाही हल्ली. असो, असलास तर बरंच आहे.” त्यांनी पर्समधून एक पत्र काढलं. शहरातल्या कलामंडळानं त्यांचा सत्कार ठरवला होता. रविवारी, सभागृहात, तीनशे माणसांपुढे. मानपत्र छापायचं काम मंडळाच्या सेक्रेटरींनी याच दुकानाकडे दिलं होतं, आणि सत्काराला उत्तर म्हणून बाईंनी पाच मिनिटं बोलायचं होतं.

पत्राची घडी घालता घालता बाईंचा आवाज खाली आला. मुलगी लॅमिनेशनच्या यंत्राशी होती, तिला ऐकू जाऊ नये इतका.

“शब्द येतात रे, पण उशिरा येतात. सगळे उठून गेल्यावर येतात. परवा भाचीला कामवालीच्या नावानं हाक मारली. ती रुसली. मग कामवालीला भाचीच्या नावानं मारली, तर तिनं पगारवाढ मागितली.” बाई हसल्या, पण हसू लगेच संपलं. “तीनशे लोक येणार. एका वाक्याला अडले ना, की झालं. जन्मभर केलेलं पुसलं जाईल, आणि बाई बोलता बोलता गप्प झाल्या एवढंच लोक घरी घेऊन जातील.”

“कागदावर लिहून न्या की.”

“आणि चष्मा लावून वाचू? बँकेतल्या फॉर्मसारखं? मी?” बाईंनी असं बघितलं की काकांनी आपणहून माफी मागितली. “त्या सभागृहाला विंगासुद्धा नाहीत. नुसती भिंत. तुला बसवायचं कुठे? एकतीस वर्षांत तू मला पाडलं नाहीस, कुजबुज्या. या रविवारी पाडू नकोस.”

पाडलं नव्हतं हे खरं. उलट काकांच्या तोंडून निघेल ते बाई डोळे मिटून बोलायच्या, हीच पंचाईत होती. एकदा तिसऱ्या अंकात पडदा ओढणारा घाईला आला, म्हणून काका त्याच्यावर कुजबुजले, “दोरी सोड!” बाई महाराजांपुढे गुडघ्यावर होत्या. वाक्य होतं, ‘नाथ, मला क्षमा करा.’ बाईंनी डोळ्यांत पाणी आणून महाराजांना सांगितलं, “दोरी सोड!” महाराजांच्या हातात दोरी नव्हती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि कमरेचा शेला सोडला. टाळ्यांचा कडकडाट! पुढच्या प्रयोगापासून ते वाक्य आणि तो शेला, दोन्ही नाटकात कायम झाले. एका समीक्षकानं तर त्यात स्त्रीच्या बंधमुक्तीवर दोन रकाने लिहिले.

काकांनी कपाट उघडलं, ‘बाग’चा कप्पा ओढला. तळाशी दोनच कागद उरले होते, आणि तो कागद आता कुठे मिळत नव्हता. हे कागद जोडीजोडीनं यायचे, समोरासमोरच्या पानांसाठी. एकावर वेल एका कडेनं चढलेली, दुसऱ्यावर दुसऱ्या कडेनं. बाकी फुलं, पानं, कळ्या सगळं तेच.

काकांचे डोळे चमकले.

“बाई, अध्यक्ष मानपत्र वाचून दाखवणार, बरोबर? मग ते तुमच्या हातात देणार. सत्कारमूर्तीनं मानपत्र हातात धरून बोललं तर कोण नाव ठेवतो?”

“कुणी नाही.”

“आणि त्या मानपत्रात तुमचंच भाषण असलं तर?”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग इतक्या दिलखुलास हसल्या की झेरॉक्सच्या रांगेतला तो मघाचा माणूस टाळ्या वाजवणार होता.

तीन दिवस काका त्या दोन साच्यांवर बसले. एकात मानपत्र, अध्यक्षांनी वाचायचं. दुसऱ्यात, लांबून फरक कळू नये म्हणून, तसाच ठसठशीत ‘मानपत्र’ असा मथळा आणि खाली बाईंचं भाषण. दोनच कागद, म्हणजे नमुना काढून बघायची सोय नाही. काका साध्या कागदावर छापायचे, नक्षीचा कागद त्याच्यावर ठेवायचे आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावून उजेडात बघायचे. एक आगाऊ कळी आत घुसली होती, ती तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दाला टोचायची. काकांनी शब्द बदलला. “समास म्हणजे विंग,” ते म्हणायचे, “शब्दानं विंगेत जायचं नाही.” बाईंना काउंटरपाशी उभं करून, हात लांब करायला लावून, चष्म्याशिवाय अक्षर किती मोठं दिसतं तेही तपासलं. अठ्ठावीस पॉइंट. मुलगी म्हणाली, “एवढ्या अक्षरात दुकानाची पाटी होते, बाबा.”

आणि सवयीनं, एकतीस वर्षांच्या हातानं, काकांनी भाषणात कंसही घातले. प्रॉम्प्टरच्या वहीत असतात तसे. कुठे थांबायचं, कुठे श्वास, कुठे टाळ्या.

रविवारी सेक्रेटरी घाईघाईत कागद न्यायला आले तेव्हा मुलगी एका गिऱ्हाइकाशी फोनवर हुज्जत घालत होती. सेक्रेटरी म्हणजे बोलताना दुसरीकडेच चालू लागणारे गृहस्थ.

“दोन प्रती कशाला?”

“एक अध्यक्षांना वाचायला, एक बाईंना द्यायला. अदलाबदल नको, अक्षर लहानमोठं आहे.” काकांनी फोल्डरवर चिठ्ठी चिकटवली आणि ती वाचूनही दाखवली. “वेल उजवीकडे असलेला अध्यक्षांना. वेल डावीकडे असलेला बाईंना.”

“उजवी अध्यक्ष, डावी बाई. झालं,” म्हणत सेक्रेटरी पायऱ्या उतरलेसुद्धा.

मुलीनं फोन ठेवला तेव्हा ते चौकात पोचले होते.

सभागृह भरलं. बाई व्यासपीठावर पाठ ताठ करून बसल्या होत्या, पण मांडीवरचा रुमाल पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. काका आणि मुलगी तिसऱ्या रांगेत. अध्यक्ष उठले. कुठल्याशा खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, टकलाला तेल लावलेले, मिशा झुपकेदार. समोर येईल तो कागद वाचायचा आणि खाली सही करायची, यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी फोल्डर उघडला आणि खूश होऊन माइकमध्ये म्हणाले, “वा! अक्षर छान मोठं काढलंय.”

काका खुर्चीत पुढे सरकले. मोठं अक्षर बाईंच्या कागदावर होतं.

“मानपत्र,” अध्यक्षांनी सुरुवात केली. “रसिकहो, या फळ्यांवर मी पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते.”

मिशा हलत राहिल्या.

“माझी वेणी गुडघ्यापर्यंत पोचायची. आरशात बघितलं की माझी मीच लाजायचे. कंसात, थांबा, हसतील.”

आणि लोक हसले. अध्यक्षांना वाटलं आपण रंगत चाललो आहोत. ते आणखी खुलले.

मुलीनं हळूच मान वळवली. “बाबा,” ती ओठ न हलवता म्हणाली, “चिठ्ठीत उजवी कुणाची उजवी लिहिलीत?”

काका खुर्चीत इतके खाली घसरले होते की मागच्या रांगेला ती रिकामी वाटली.

“माझ्यावर अनेकांनी प्रेम केलं. नावं सांगत नाही, काहींच्या बायका इथे बसल्या आहेत. कंसात, पहिल्या रांगेकडे बघू नका.” अध्यक्षांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. तिथे त्यांची बायको होती. “कंसात, मोठ्या टाळ्या.”

मोठ्या टाळ्या पडल्या. अध्यक्ष घाम पुसत खाली बसले, आणि सेक्रेटरींनी दुसरा कागद अदबीनं बाईंच्या हातात दिला.

बाई माइकपाशी आल्या. हात लांब केला. कागदावर बारीक मुंग्यांची रांग. डोळ्यांवर चष्मा नाही, कागदावर आपलं भाषण नाही. होतं ते सगळं अध्यक्षांनी वेणीसकट वापरून टाकलं होतं. बाईंनी ओठ उघडले. मिटले. सभागृहातलं हसू विझत विझत गेलं आणि ती शांतता सुरू झाली, जिला बाई गेले कित्येक महिने भीत होत्या. शेवटी त्यांची मान जुन्या सवयीनं डावीकडे वळली. नटाच्या डावीकडे, काकांच्या विंगेकडे. तिथे भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली शिडी.

काका उठले. दोन्ही गुडघे कडकड वाजले. रांगेतल्या पायांवर पाय देत, “माफ करा, माफ करा” असं कुणालाच ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणत, ते बाजूच्या पायऱ्या चढले आणि शिडीशेजारी जाऊन उभे राहिले. लपायला पडदा नाही, अंधार नाही. जन्मात पहिल्यांदा दिव्यात.

“बाई, घाबरू नका,” ते कुजबुजले.

“काय?” बाई माइकमध्ये म्हणाल्या.

“घाबरू नका.”

“अरे मोठ्यानं बोल की मेल्या, कान गेलेत माझे!”

काकांनी पोटातून होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला, डोळे मिटले आणि ओरडले, “घाबरू नका!”

आणि एकतीस वर्षांची सवय! बाई गर्रकन प्रेक्षकांकडे वळल्या, हात उंचावला आणि मागची भिंत हलेल अशा आवाजात म्हणाल्या, “घाबरू नका!”

सभागृहात हशा फुटला. लोक खुर्च्यांवरून वाकून हसत होते. बाईंनी ते हसू अंगावर घेतलं, मोजलं, ओळखलं. हे आपल्यावरचं नाही, आपलं आहे. त्यांचे ताठरलेले खांदे सैल झाले. हसू ओसरायच्या नेमकं आधी त्या बोलल्या. ती वेळ मात्र त्या विसरल्या नव्हत्या.

“माझं भाषण अध्यक्षांनी केलं. माझ्यापेक्षा बरं केलं. वेणी सोडली तर.” हशा. “आता माझ्याकडे त्यांचा कागद आलाय. म्हणजे माझी स्तुती मलाच करावी लागणार. करू?”

“करा!” सभागृह ओरडलं.

“वाच रे, कुजबुज्या.”

काका जवळ आले. बाईंच्या हातातला कागद तिरक्या मानेनं बघत एकेक वाक्य कानात सोडू लागले आणि बाई ते उचलू लागल्या.

“‘आपण नाट्यक्षेत्रात केलेली निष्ठावान सेवा…’ सेवा? मी काय दवाखाना चालवला? आणि निष्ठावान! माझ्या तिन्ही नायकांना विचारा.” काकांचे कान लाल झाले. “‘येणाऱ्या पिढ्यांना दीपस्तंभासारखी आहे.’ बघा, दीपस्तंभ. जागचा हलत नाही, लांबूनच बघायचा आणि जवळ गेलं की आपटायचं. हे मात्र खरं लिहिलंय. कुणी लिहिलं?”

“मीच,” काका म्हणाले.

“याच्या आधी कुणाला लिहिलं होतंस?”

काका घुटमळले. “एका कुत्र्याला.”

माइकनं तेही पकडलं. पुढची दोन मिनिटं कुणीच काही बोलू शकलं नाही. अध्यक्षांच्या बायकोला तर पाणी द्यावं लागलं.

“ऐकलंत ना?” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “एकतीस वर्षं हा माझ्या कानात असंच बोलत आलाय आणि मी ते तुमच्या तोंडावर मारत आलेय. टाळ्या मला. आज कुत्र्याचं मानपत्र मला मिळालं, तर म्हटलं टाळ्या तरी याला…” आणि तिथे शब्द गेला. नुसताच गेला. बाईंचा हात हवेत राहिला, नजर रिकामी झाली.

काकांनी अर्ध्या श्वासाचाही वेळ घेतला नाही. “आभारी आहे,” ते कुजबुजले.

बाईंनी वाक्य घेतलं. पण प्रेक्षकांकडे वळून नाही. काकांकडेच तोंड ठेवून, माइक सोडून, हळू आवाजात त्या म्हणाल्या, “आभारी आहे.”

मागच्या रांगांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी तरीही टाळ्या वाजवल्या.

काकांनी बाईंचा कोपर धरला आणि दोघं पायऱ्यांकडे निघाले. त्या पायऱ्या अरुंद होत्या, कठडा एकाच बाजूला. खाली मुलगी हात पुढे करून उभी होती.

“उजवा पाय आधी,” काका म्हणाले.

बाई थबकल्या. “कुठला उजवा? तुझा की माझा?”

“तुमचा, बाई. मी कधी माझा धरलाय?”